दही कोणी आणलं?

मीनलच्या नाकावरचा चष्मा उतरला आणि उमाकांत वैरागडेची झोप उडाली.

चष्मा लग्नाच्या आधीपासूनचा, चांगला जाड भिंगांचा होता. मुलगी बघायला गेला तेव्हा उमाकांतनं तिला चष्म्यासकट पसंत केली होती, आणि त्या भिंगांच्या पलीकडे काय आहे याची चौकशी करण्याची त्याला पुढे कधी गरज वाटली नव्हती. आता लेझर झालं आणि पलीकडचे डोळे अलीकडे आले. मोठे, तपकिरी, लांब पापण्यांचे. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, रिसाली सेक्टरच्या त्यांच्या गल्लीतल्या बायका दुसऱ्या मजल्यावर चढून ते डोळे बघून गेल्या. "मीनल, इतके सुंदर डोळे तू ठेवले कुठं होते इतके दिवस?" असं शेजारची गुंजन म्हणाली. कौतुक मीनलचं होत होतं, पण लपवून ठेवल्याचा आळ आपल्यावर येतोय असं उमाकांतला वाटलं. दूधवाल्यानंही दुधाचं पातेलं हातात घेताना वर पाहिलं, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. त्या दिवसापासून दूध तो स्वतः घेऊ लागला.

त्याचा या लेझरला पहिल्यापासून विरोध होता. "चष्मा काय म्हणते तुले? जेवाले मागते का?" असं तो दिवाळीच्या आधीपासून ऐकवत होता. "चांगल्या डोळ्यात कावून किरणं घालून घेतं? काही बिघडलं तं माह्याजवळ रडत येजो नको, सांगून ठेवतो." मीनल शाळेत गणित शिकवायची. उत्तर काढायचं ठरवलं की ते काढूनच ती खडू खाली ठेवत असे. तिनं रायपूरच्या एका दवाखान्यात तारीख घेतली. एकटीला पाठवणं बरं दिसणार नाही म्हणून उमाकांत सोबत गेला.

पहिली ठिणगी तिथंच पडली. डॉक्टर तरुण होता, समीर नावाचा, आणि त्याच्या अंगाला कसला तरी मंद सुवास येत होता. ऑपरेशननंतरच्या तपासणीला त्यानं दोन बोटांनी मीनलची हनुवटी वर केली आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. इतक्या जवळून आणि इतका वेळ तर उमाकांतनं अख्ख्या संसारात पाहिलं नव्हतं. मग डॉक्टर बराच वेळ काहीतरी समजावून सांगत राहिला आणि मीनल मान हलवत राहिली. उमाकांत शेजारच्याच स्टुलावर बसला होता, पण त्याचं सगळं ध्यान त्या दोन बोटांवर होतं. बोटं हनुवटीवरून निघाली तेव्हा बोलणंही संपलं होतं. "समझ गए ना, भाईसाहब?" असं डॉक्टरनं विचारलं आणि उमाकांतनं "हं" म्हटलं.

हे "हं" त्याचं जुनंच होतं. घरात काहीही विचारलं तरी त्याच्याकडून हेच यायचं. भाजी कशी झाली, हं. आईला दवाखान्यात न्यायचंय, हं. साडी कशी दिसते, हं. मीनलला त्याची इतकी सवय झाली होती, की त्यापुढे एखादा शब्द आला असता तर तिनं ताप आलाय का म्हणून त्याच्या कपाळाला हात लावला असता.

डोळे नवे झाल्यावर मीनल संध्याकाळी बाल्कनीत उभी राहायला लागली. पूर्वी ती या वेळी वह्या तपासत बसायची. आता दिवेलागण झाली की वह्या बंद व्हायच्या आणि ती कठड्याला टेकून समोरच्या ब्लॉककडे बघत राहायची. एकदा उमाकांतनं बाजूनं पाहिलं तर तिचे डोळे पाण्यानं भरलेले होते.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. थेंब टाकले डोळ्यात."

"दिवसातून कितीदा टाकतं?"

"टाका लागते," मीनल म्हणाली आणि पदरानं गाल पुसून पुन्हा समोर बघू लागली.

समोरच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर हेमराज बोरकर राहत होता. मूळचा गोंदियाकडचा. प्लांटमध्ये दुसऱ्या डिपार्टमेंटला होता आणि पावसाळ्यानंतर या क्वार्टरमध्ये आला होता. त्याची बायको जगदलपूरला नोकरीला असल्यामुळे तो एकटाच असायचा. अंगणातल्या पपईच्या झाडांना पाणी घालायचं, रविवारी स्कूटर धुवायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला नमस्कार करायचा, असा त्याचा कार्यक्रम. आल्यापासून उमाकांतला हा माणूस निरुपद्रवी वाटत आला होता. आता त्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्याला दिसलं की हेमराजच्या मिशा काळ्याभोर आहेत आणि पोट अजून पट्ट्याच्या आत आहे.

तरीही गोष्ट संशयावरच राहिली असती. पण एका संध्याकाळी उमाकांतनं डोळ्यांनी पाहिलं.

जनरल शिफ्ट सुटली की तो गल्लीच्या तोंडाशी टपरीवर थांबून चहा प्यायचा. त्या दिवशी चहा पिता पिता त्याच्या समोरून हेमराजची स्कूटर गल्लीत वळली. थंडीचे दिवस असल्यामुळे अंधार पडला होता. बाल्कनीत मीनल उभी होती. हेमराजची स्कूटर खाली आली तसा तिनं हात उंच केला आणि हलवला. साधासुधा नाही, मनापासून. तोंडभर हसून. हेमराजनं क्षणभर वर पाहिलं, गडबडला, आणि मग त्यानंही हात हलवला. मीनल लगबगीनं आत गेली.

असं हसू उमाकांतला शेवटचं कधी मिळालं होतं ते त्याला आठवेना. त्याला हेवा वाटला. स्पष्टच सांगायचं तर त्याच्या पोटात जळजळलं, आणि त्याचं खापर त्यानं टपरीवाल्याच्या चहावर फोडलं. चहा संपवून तो वर गेला तर टेबलावर कप भरून ठेवलेला होता आणि त्यावर साय धरली होती.

"इतका वेळ खाली काय करून राहिले होते?" मीनलनं विचारलं. "चहा थंड झाला पहा."

"आत्ताच तं आलो."

"आत्ता?" ती हसली. "बरं."

त्या "बरं"नं उमाकांतला रात्रभर कूस बदलायला लावलं. तो आत्ताच आला असताना ही बाई तो आधीच आला होता असं का दाखवते? पकडली गेली म्हणून सारवासारव करते, याशिवाय दुसरं कारण त्याला सुचेना.

त्यानं पाळत ठेवली. रोज टपरीआड उभं राहायचं, रोज तेच बघायचं आणि रोज वर जाऊन सायीचा चहा प्यायचा. हेमराज आता गडबडत नव्हता. गल्लीत वळताना तो हेल्मेटची काच आधीच वर करू लागला होता, आणि त्याच्या शर्टाला इस्त्री दिसू लागली होती. उमाकांतनं न्हाव्याकडे जाऊन मिशांना रंग लावून घेतला. रंग मिशांपेक्षा वरच्या ओठाला जास्त बसला. त्याची आई रुक्माबाई बाल्कनीच्या कोपऱ्यात शाल पांघरून बसलेली असायची, तिनं ते पाहिलं.

"काय रे उमा, तोंडाले काय लावलं? काजळ होय का?"

"काही नाही, माय."

"हे तुह्या बाबानंबी केलं होतं एकदा," रुक्माबाई म्हणाली. "मी आठ दिवस बोलली नाही त्याच्याशी."

शेवटी उमाकांतनं ठरवलं, की टपरी बंद. चहा नाही, गप्पा नाहीत, शिफ्ट सुटली की थेट घर. हेमराजच्या आधी गल्लीत शिरायचं. पण हेमराजलाही आता घरी लवकर पोचण्यात गोडी वाटू लागली होती, त्यामुळे प्लांटच्या गेटपासून रिसालीपर्यंत दोन स्कूटरींची रोज शर्यत लागू लागली. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, दोघांच्याही अंगात सेफ्टी वीकला वाटलेलं एकसारखं जॅकेट, पाठीपोटावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं. चौकातला ट्रॅफिकवाला त्यांना एकाच घरचे समजत असावा.

एका संध्याकाळी उमाकांत जिंकला. गल्लीत त्याची स्कूटर आधी शिरली. त्यानं वर पाहिलं. मीनलनं हात उंच केला आणि तोंडभर हसली.

उमाकांत जागीच थिजला. आपली बायको आपल्याला कधी हात करत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणजे हा हात हेमराजचा होता, आणि जॅकेटमुळे चुकून आपल्याला मिळाला. दुसऱ्याच्या नावाचं हसू घ्यायला तो काही भिकारी नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि स्कूटर भिंतीकडे वळवली. वरचा हात हळूहळू खाली आला. तेवढ्यात मागून हेमराज आला. मीनलनं जरा अंदाज घेतल्यासारखा पुन्हा हात वर केला, हेमराजनं जोरजोरात हलवून उत्तर दिलं, आणि तिचा चेहरा पुन्हा उजळला. जिंकूनही हरणं म्हणजे काय हे उमाकांतला त्या दिवशी कळलं.

पुढच्याच आठवड्यात पपई आली. जिन्याच्या कठड्याला पिशवी अडकवलेली होती आणि आत पिकलेली, पिवळीधम्मक पपई. उमाकांत वर पोचला तेव्हा मीनल ती कापत होती.

"तुमाले कसं आठवलं?" ती म्हणाली. "पपई डोळ्याले चांगली असते, मी परवाच म्हणलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा न सांगता काही आणलं तुम्ही."

उमाकांतला पपई कोणाच्या झाडाची ते दिसत होतं. पण मीनल इतकी खूश झाली होती, तिच्या त्या नव्या डोळ्यांत त्याच्याबद्दल असं काही दिसत होतं, की त्याच्या तोंडून निघालं, "हं."

तिथं तो फसला. आता हेमराजला जाब विचारायचा, तर पपई आपण आणलेली नव्हती हे आधी कबूल करावं लागणार. त्यानं बशीतल्या फोडी खाल्ल्या. पपई गोड होती, याचाही त्याला राग आला.

संक्रांतीनंतर मीनलनं हळदीकुंकू ठेवलं. गल्लीतल्या बायका यायच्या होत्या आणि दहीवड्यांचा बेत होता. या घराला दुसऱ्या मजल्याचा एक नियम होता. काही राहिलं असेल तर आणायला खाली उतरायचं नाही. माणूस घरी येताना खालीच थांबवायचा, दोरीनं कापडी थैली खाली सोडायची, त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून जिन्नस आणून थैलीत टाकायचा आणि मग ती वर ओढायची. माणूस म्हणजे उमाकांतच. तो बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी आणायचा, पण थैलीचा नियम मोडला नव्हता.

त्या संध्याकाळी उमाकांतला प्लांटमध्येच उशीर झाला. तो गल्लीत शिरला तर त्याच्या घराखाली हेमराज उभा होता. वरून त्याच्याच घरची, मीनलच्या जुन्या साडीची शिवलेली थैली लोंबत होती, आणि हेमराज तिच्यात दह्याचा डबा ठेवून दोरीची गाठ तपासत होता. घरच्या माणसासारखा.

आता पपईचं काय व्हायचं ते होवो, असं उमाकांतला वाटलं. त्यानं स्कूटर तशीच सोडली, हेल्मेटसकट जाऊन हेमराजचा दंड धरला आणि गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून दातांतल्या दातांत विचारलं, "बोरकर, ही थैली कोणाची होय?"

"तुमच्या घरची, भाऊ," हेमराज म्हणाला.

"तं तुमच्या हातात कावून?"

"वहिनीनं दही सांगतलं. आणलं."

"तुमाले सांगतलं?"

"मलेच. वरून म्हणल्या, अहो, वर नका येऊ, आधी दही घेऊन या. आता वहिनीनं पहिल्यांदाच काही काम सांगतलं, नाही कसं म्हणू?"

"अहो म्हणली?"

"मले वाटलं, आदरानं म्हणून राहिल्या."

उमाकांतनं थैली ओढली. हेमराजनं दह्याच्या काळजीनं ती सोडली नाही. वर दोरीला हिसका बसला तशी मीनल कठड्यावरून वाकली. जिन्यात गुंजन आणि आणखी दोघी-तिघी हळदीकुंकवासाठी नटूनथटून उभ्या होत्या, त्याही थांबल्या.

"अहो," मीनल हेमराजकडे बघत म्हणाली, "बांधलं का? ओढू का वर?"

हेमराजनं सवयीनं हात हलवला.

"आणि तो कोण होय तुमच्यासोबत? कावून त्याच्या तोंडी लागून राहिले? जाऊ द्या त्या माणसाले. पाहुण्या येऊन राहिल्या, तुम्ही या पाहू लवकर वर. कपडे बदला."

जिन्यातली एक बाई कुंकवाची डबी उघडत होती, ती तशीच उघडी राहिली. हेमराजनं थैली सोडली आणि दोन्ही हात मागे नेले. उमाकांतच्या डोळ्यांसमोर त्याचा सगळा संसार त्या दोरीला लोंबकळताना दिसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला.

"मीनल, मी होय, मी. उमाकांत."

मीनलनं डोळे बारीक केले, एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मंग दही कोणी आणलं?"

कोपऱ्यातून रुक्माबाई शाल सावरत उठली. "मले तवाच शंका आली होती," ती गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "याले दही सांगतलं का हा दूध आणते. आज एकदम दही आलं, अन् तेबी घट्ट. मी म्हणलं, हा उमा नाही."

हळदीकुंकू पार पडलं. बायकांनी दहीवडे खाल्ले, चांगले झालेत म्हणाल्या आणि एकमेकींकडे बघण्याचं टाळत भराभर जिना उतरल्या. दरवाजा लागल्यावर उमाकांत स्वयंपाकघरात गेला. मीनल ओट्याशी पाठ करून उभी होती. त्याला खूप बोलायचं होतं, आणि नेमकं तेव्हा त्याच्याजवळ "हं"सुद्धा उरलं नव्हतं.

"दिवा लागला का मले काहीच नीट दिसत नाही," मीनलच बोलली. "दिवसा सगळं चांगलं दिसते. संध्याकाळी दर दिव्याभोवती गोल गोल कडं दिसते. गाडीचा लाईट आला का डोळ्यात नुसता उजेड पसरते. त्यात तुम्ही सगळे ती चमकीची जॅकेटं घालून येता. मले माणूस नाही दिसत, नुसत्या पट्ट्या दिसतात. डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब. डॉक्टर म्हणले, काही महिने होते असं, मंग जाते."

"तं मले कावून नाही सांगतलं?"

"तुमाले? तुम्ही म्हणलं होतं, बिघडलं तं माह्याजवळ रडत येऊ नको. नाही आली." तिनं दह्याचा डबा विसळायला घेतला. "अन् डॉक्टर सांगत होते तवा तुम्ही बाजूलेच तं बसले होते. हं म्हणलं होतं तुम्ही. मले वाटलं, माहीत आहे तुमाले, अन् तरी विचारत नाही तुम्ही."

उमाकांत स्टुलावर बसला. खोटं बोलण्यासारखं आता काही शिल्लक नव्हतं.

"मी ऐकलं नव्हतं."

"कावून?"

"त्यानं तुह्या हनवटीले हात लावला होता."

मीनल वळली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या वरच्या ओठावरच्या न गेलेल्या काळ्या डागाकडे पाहिलं, आणि तिला सगळं एकदम कळलं. ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, या वेळी थेंबांचं नव्हे.

"म्हणून का तुम्ही महिनाभर तोंड पाडून फिरून राहिले? अहो, मी हात कोणाले करत होती? बोरकर भाऊले करीन का मी? मी तं तुमालेच करत होती. रोज."

उमाकांतनं इतक्या वर्षांत स्वयंपाकघरात कधी डोळे पुसले नव्हते. त्यानं कांदा शोधला, पण त्या दिवशी कांदा चिरलेला नव्हता. त्यानं पपईचंही कबूल केलं. मीनल म्हणाली, तिला वाटलंच होतं, पण खोटं का होईना, एकदा तरी खूश व्हावं म्हणून तिनं जास्त विचारलं नाही. बाहेरून रुक्माबाईनं विचारलं, "त्या बोरकरले दहीवडे तं पाठवा कोणी. दही त्याचंच होय ना?"

उमाकांत स्वतः डबा घेऊन खाली गेला. हेमराजनं दार उघडलं. "भाऊ, माफ करा," तो म्हणाला. "घरी आल्यावर कोणी हात केला का बरं वाटते. बायको जगदलपूरले, मी इथं. मले काही दुसरं मनात नव्हतं."

उमाकांतला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यानं डबा पुढे केला आणि म्हणाला, "पपई गोड होती." त्याच्याकडून यापेक्षा मोठं भाषण होण्यासारखं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस उमाकांतच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. टपरीवरचा चहा त्यानं कायमचा सोडला. रोज गल्लीत वळताना तो वर बघायचा, वरून हात व्हायचा, आणि तो हात आपला आहे हे आता त्याला माहीत होतं. मीनलच्या डोळ्यांत थेंब टाकण्याचं कामही त्यानं स्वतःकडे घेतलं. त्यासाठी तिची हनुवटी दोन बोटांनी वर करावी लागे, आणि हे काम तो घाईनं करत नसे. डॉक्टरच्या सुवासाचा शोध घेऊन त्यानं दुर्गच्या बाजारातून एक बाटलीही आणली, पण रुक्माबाईला शिंका आल्या म्हणून ती कपाटात गेली.

फेब्रुवारी संपताना ते रायपूरला तपासणीला गेले. डॉक्टर समीरनं डोळे पाहिले आणि सांगितलं की आता सगळं उत्तम आहे, रात्रीची कडीही गेली असतील. मीनल म्हणाली, गेली, कालपासून. उमाकांतनं या वेळी प्रत्येक शब्द लक्ष देऊन ऐकला.

आणि त्याच संध्याकाळपासून हात बंद झाला. मीनल बाल्कनीत असायची, पण वह्या तपासत. स्कूटर आली की ती वर बघायची, तो दिसायचा, आणि तिची मान पुन्हा वहीत जायची. उमाकांतनं दोन दिवस वाट पाहिली. हॉर्न वाजवून पाहिला. स्कूटर मुद्दाम सावकाश लावून पाहिली. शेवटी त्याला राहवेना.

"हात करणं कावून बंद केलं?" त्यानं जेवताना विचारलं.

"आता कशाले?" मीनल म्हणाली. "आता दिसते ना मले तुम्ही येऊन राहिले ते. तवा दिसत नव्हतं, म्हणून हात करून पाहत होती. जो उलटून हात करीन तो आपला, असं धरून चालली होती. बोरकर भाऊ करत, तुम्ही करत नव्हते. अशी गफलत झाली."

उमाकांतच्या हातातला घास हातातच राहिला. ज्या हातासाठी त्यानं झोप घालवली, मिशा रंगवल्या, शेजाऱ्याचा दंड धरला, तो हात म्हणजे निव्वळ गणितातला ताळा होता. आणि ताळा जुळला नव्हता, कारण त्याच्याकडून कधी उत्तरच गेलं नव्हतं. आता तिचे डोळे बरे झाले होते, त्याला स्वच्छ बघत होते, आणि त्याला वाटू लागलं की तेवढं स्वच्छ न दिसतं तरी चाललं असतं. एवढंच होतं तर लेझर कशाला केलं, असं त्याच्या ओठावर आलं होतं, पण ते त्यानं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी प्लांटपासून घरापर्यंत तो फार हळू आला. दिवस मोठे होत चालले होते, अजून उजेड होता. गल्लीत वळल्यावर त्यानं भिंतीशी स्कूटर लावली आणि उतरला. वर मीनल वहीत मान घालून बसली होती, बाजूला रुक्माबाई. गल्लीत पोरं खेळत होती, गुंजन कपडे काढत होती. उमाकांतनं घसा साफ केला. मग त्यानं, कोण बघतंय आणि कोण नाही हे न बघता, आपला उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि हलवला. हात हलवताना कसा दिसतो हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते बरंचसं बस थांबवल्यासारखं झालं.

रुक्माबाईनं सुनेला कोपरानं ढोसलं. मीनलनं मान वर केली. आधी तिला समजलंच नाही. मग वही मिटली, ती उठून कठड्याशी आली, आणि तोंडभर हसून तिनं हात उंच केला. त्या थंडीतल्या संध्याकाळसारखाच, मनापासून.

उमाकांतनं सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे हेमराज नुकताच स्कूटरवरून उतरत होता. त्याचाही हात अर्धा वर गेला होता, तो त्यानं घाईनं डोकं खाजवायला वापरला.

"अहो," वरून मीनलचा आवाज आला, "मांगं काय पाहून राहिले? तुमालेच करून राहिली."